डाय किती दिला, ही नोंद कुठे आहे?

सरकारी नोकरीची तीस वर्षे लेखा आणि लेखापरीक्षण या कामात गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणताही कागद हातात आला की त्यात काय लिहिले आहे ते वाचून झाल्यावर, काय लिहायचे राहून गेले आहे ते मी शोधू लागतो. एम.ए.ला शिकलेले अर्थशास्त्राचे सिद्धांत पुष्कळसे विसरलो, परंतु ज्या गोष्टीची नोंद होत नाही तिची काळजीही घेतली जात नाही, हा धडा नोकरीने पक्का करून घेतला. आजचा लेख अशाच एका न होणाऱ्या नोंदीविषयी आहे. विषय वैद्यकातला आहे आणि मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. परंतु प्रश्न प्रशासनाचा आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

२०११ साली माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, छातीत दुखू लागले म्हणून महाराष्ट्रातील एका शहरात रुग्णालयात दाखल केले. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा, आणि रक्तातले क्रिएटिनिन आधीपासूनच थोडे वाढलेले. अँजिओग्राफी झाली आणि त्याच बैठकीत अँजिओप्लास्टी करून दोन स्टेंट बसवले. छातीतले दुखणे थांबले. मात्र तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, चेहऱ्यावर सूज आली आणि आठवड्याच्या आत डायलिसिस सुरू करावे लागले. पुढचे सात महिने, आठवड्यातून तीन दिवस, आई डब्यात मोजून मापून केलेले जेवण घेऊन त्यांच्याबरोबर रिक्षाने जात-येत राहिली. त्यातच ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी मी कागद लावायला बसलो. बिलात हातमोज्यांचे जोड होते, सिरिंजा होत्या, कापूस होता. 'डाय, बाटल्या ३' अशीही एक ओळ होती. बाटली किती मिलिलिटरची, त्यातला डाय किती वापरला आणि किती टाकून दिला, याचा पत्ता नव्हता. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचे नाव आणि मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी होती, पण डाय किती दिला ते कुठेच नव्हते.

डायमुळेच अण्णांची मूत्रपिंडे गेली असे मी म्हणत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तदाब कोसळल्याने तसे होऊ शकते, महाधमनीतील चरबीचे कण सुटून मूत्रपिंडात अडकल्यानेही होऊ शकते, आणि मधुमेहाने आधीच निम्मे काम करून ठेवलेले असते. खरे कारण मला कधीच कळणार नाही, कारण ते ठरवण्यासाठी लागणारा पहिला आकडाच कोणी लिहून ठेवला नव्हता.

आता हा डाय म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. नाव डाय असले तरी त्याला रंग नसतो. तो पाण्यासारखा स्वच्छ, किंचित दाट द्रव असतो. त्यात आयोडीन असते, आणि आयोडीन क्ष-किरणांना अडवते. रक्तवाहिन्या साध्या क्ष-किरणात दिसत नाहीत; डाय सोडला की त्या काही क्षण काळ्या रेषांसारख्या उमटतात आणि रक्ताबरोबर डाय वाहून गेला की पुन्हा अदृश्य होतात. म्हणून डॉक्टरांना तो पुन्हा पुन्हा सोडावा लागतो. राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध जाहीर केल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात एका मृत हातातील रक्तवाहिन्या अशा पद्धतीने पाहिल्या गेल्या. जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या १९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी पाहिल्या. तेव्हापासून द्रव पुष्कळ सौम्य झाले, पण मूळ युक्ती तीच राहिली.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक साधे गणित करून पाहिले. एका मिलिलिटरमध्ये ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेला डाय सर्रास वापरतात. त्याचे १०० मिलिलिटर म्हणजे ३५ ग्रॅम आयोडीन झाले. प्रौढ माणसाची आहारातील आयोडीनची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या शंभर मिलिलिटरमध्ये सहाशे वर्षांहून अधिक काळ पुरेल इतके आयोडीन असते. अर्थात ते रेणूत घट्ट बांधलेले असते, मिठातल्या आयोडीनसारखे शरीरात मुरत नाही. पण ते बाहेर टाकण्याचे काम जवळपास संपूर्णपणे मूत्रपिंडांनाच करावे लागते, आणि ज्यांची मूत्रपिंडे अर्धीअधिक थकलेली आहेत त्यांच्यावर हा बोजा किती पडत असेल, याचा अंदाज कोणालाही यावा.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डायमुळे होणाऱ्या मूत्रपिंडाच्या इजेचे भय पूर्वी वाजवीपेक्षा जास्त होते, असे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची आणि मूत्रपिंडविकारांची अशा दोन प्रमुख संस्थांनी संयुक्त निवेदन काढले आणि शिरेतून डाय देऊन होणाऱ्या सी.टी.चा धोका समजला जात होता त्याहून कमी असल्याचे म्हटले. म्हणून चांगल्या मूत्रपिंडांच्या माणसाने डायला घाबरून तपासणी टाळू नये. परंतु ज्यांची गाळण्याची क्षमता खूप घसरली आहे त्यांच्याबाबत सावधगिरी त्या निवेदनानेही सोडलेली नाही. धमनीतून, मूत्रपिंडांच्या अगदी वरच्या बाजूला सोडलेल्या डायची गोष्ट तर आणखी वेगळी आहे.

शिवाय यावर औषध नाही. २०१८ मध्ये सुमारे पाच हजार रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोडियम बायकार्बोनेट आणि अॅसिटिलसिस्टीन या, वर्षानुवर्षे मोठ्या भरवशाने दिल्या जाणाऱ्या दोन्ही औषधांचा साध्या सलाइनपेक्षा अधिक उपयोग होत नाही, असे त्यात दिसून आले. म्हणजे उपाय दोनच उरले: शरीरात पुरेसे पाणी ठेवणे आणि डाय कमी वापरणे.

डाय कमी कसा वापरायचा, हे मला २०२३ साली बंगळुरूत समजले. त्या पावसाळ्यात थोरली बहीण अक्का आणि दाजी निपाणीहून बेळगावला येऊन, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आमच्याकडे आले. परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सांगायला नको. ज्या शहरात मोठी रुग्णालये, तिथले आपले घर हे नातेवाइकांचे हक्काचे ठिकाण असते, आणि ते तसेच असावे. दाजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. पोटातील महाधमनीला सहा सेंटिमीटरचा फुगा आला होता. तो फुटला तर माणूस रुग्णालयात पोचेपर्यंत टिकणे कठीण. क्रिएटिनिन २.१, म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता साधारण ३३. पोट उघडून शस्त्रक्रिया करायला हृदय धजत नव्हते. मांडीतील धमनीतून नळी घालून फुग्याच्या आत कापडी अस्तराचा स्टेंट बसवायचा, हा मार्ग उरला. ही पद्धत १९९० मध्ये ब्युनोस आयर्समध्ये डॉ. हुआन परोदी यांनी केलेल्या शस्त्रक्रियेपासून जगभर रूढ झाली. पण तिलाही डाय लागतोच.

मी अण्णांची हकीकत सांगितली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी संगणकावर दाजींचा आधीचा सी.टी. उघडला आणि फ्यूजन म्हणजे काय ते समजावले. आधी काढलेल्या सी.टी.तून संगणक महाधमनीचा त्रिमिती आराखडा वेगळा काढतो. मूत्रपिंडांच्या धमन्या जिथे फुटतात तिथे डॉक्टर कड्यांसारख्या खुणा करतात. रुग्ण टेबलावर आला की दोन कोनांतून क्ष-किरण प्रतिमा घेतात, किंवा यंत्राचा हात रुग्णाभोवती फिरवून एक छोटा सी.टी. घेतात, आणि पाठीच्या मणक्यांच्या व कंबरेच्या हाडांच्या आधाराने जुना आराखडा या नव्या प्रतिमेवर जुळवून बसवतात. त्यानंतर टेबल हलले, यंत्र फिरले तरी आराखडा बरोबर हलतो. डाय न सोडताही पडद्यावर धमनीची बाह्यरेषा दिसत राहते, आणि नळी कुठे न्यायची ते कळते.

दाजींनी कन्नडमधून विचारले, "म्हणजे मुलांकडून आम्ही पातळ कागदावर नकाशा गिरवून घेत होतो, तसेच ना?" डॉक्टर हसून म्हणाले, "तसेच. फक्त सर, तुमचा नकाशा श्वास घेत नव्हता."

या एका वाक्यात तंत्राची मर्यादा आली. श्वासाबरोबर मूत्रपिंडांच्या धमन्या वर-खाली सरकतात. ताठ तार आत गेली की वळणदार धमनी सरळ होते आणि आराखडा जागेवरून चुकतो. रुग्णाने कूस हलवली तर जुळणी पुन्हा करावी लागते. म्हणून अस्तर सोडण्यापूर्वी थोडा डाय देऊन खात्री करून घ्यावीच लागते. महाधमनीच्या, विशेषतः अस्तराला खिडक्या असलेल्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांमध्ये फ्यूजनने डाय कमी लागतो, हे अनेक केंद्रांच्या अनुभवातून पुढे आले आहे. धडधडणाऱ्या हृदयाच्या बारीक धमन्यांवर असा आराखडा बसवणे पुष्कळ अवघड. तिथे वेगळ्या युक्त्या लागतात. डाय कमी लागल्याने अखेरीस किती मूत्रपिंडे वाचतात, याचा पुरावा डायच्या बचतीच्या पुराव्याइतका भक्कम झालेला नाही.

माझ्यातल्या लेखापरीक्षकाने आणखी एक शंका काढली. आराखडा बनवायला लागणाऱ्या सी.टी.लाही डाय द्यावाच लागतो ना? मग टेबलावर वाचवले आणि सी.टी.त घालवले, तर बचत कसली? डॉक्टरांनी ही शंका रास्त मानली. शस्त्रक्रियेचे माप ठरवायला तो सी.टी. बहुधा झालेलाच असतो. फ्यूजनसाठी मुद्दाम दुसरा काढायचा नसतो. दोन्हींमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवायचे असते. मूत्रपिंडे फारच नाजूक असतील तर डायविना काढलेल्या सी.टी.वरही हाडे आणि धमनीतील चुन्याचे थर पाहून काम भागवता येते. पोटात व पायांत डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूही वापरता येतो. छातीच्या वरच्या भागात मात्र तो चालत नाही. तात्पर्य, हिशेब एकूण डायचा ठेवायला हवा.

दाजींच्या शस्त्रक्रियेत ३८ मिलिलिटर डाय लागला. एक जुने, १९८९ सालचे सूत्र आहे: वजनाच्या किलोंना पाचने गुणावे, क्रिएटिनिनने भागावे, आणि उत्तर कितीही आले तरी ३०० मिलिलिटरच्या वर जाऊ नये. दाजींचे वजन ६२ किलो, म्हणजे मर्यादा सुमारे १४८. अलीकडचा दंडक अधिक कडक आहे. गाळण्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या दुपटी-तिपटीच्या आत डाय ठेवावा, म्हणजे दाजींसाठी ६६ ते ९९. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन २.२ होते. एका माणसाच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही, हे मला समजते. फ्यूजन नसते तरी ते सुखरूप राहिले असते, असेही असू शकेल. पण या वेळी निदान आकडे होते.

आणि तेही मागितल्यावर मिळाले. छापील डिस्चार्ज कार्डात डायसाठी रकाना नव्हताच. मी विनंती केल्यावर डॉक्टरांनी समासात पेनने ती ओळ लिहून खाली सही केली.

आता प्रशासनाकडे वळू. या तंत्राची यंत्रणा विकणाऱ्या सीमेन्स, फिलिप्स आणि जी.ई. या तिन्ही प्रमुख कंपन्यांची संशोधन केंद्रे बंगळुरूत आहेत. फिलिप्सचे १९९६ पासून, जी.ई.चे २००० पासून. तरीही याच शहरातील सामान्य रुग्णापर्यंत हे तंत्र सहज का पोचत नाही, याचे उत्तर खर्च कोण करतो आणि लाभ कोणाला होतो, या अर्थशास्त्राच्या जुन्या प्रश्नात आहे. सॉफ्टवेअरचा परवाना, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि जुळणीसाठी लागणारा जादा वेळ, हा खर्च रुग्णालयाचा. वाचलेल्या डायची किंमत त्या मानाने किरकोळ. मूत्रपिंड वाचल्याचा लाभ रुग्णाचा, आणि डायलिसिस टळल्याचा लाभ त्याच्या कुटुंबाचा किंवा सरकारी तिजोरीचा. आयुष्मान भारत योजनेत, जी सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, शस्त्रक्रियेला ठरावीक दर मिळतो. त्या दरात डाय ४० मिलिलिटर लागला काय आणि २४० लागला काय, फरक पडत नाही. दुसरीकडे, २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळते. म्हणजे एका खिशातून जे टाळता आले असते, त्याचे पैसे सरकार दुसऱ्या खिशातून देते, आणि दोन्ही खिशांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. खरेदी समितीवर बसलेल्या कोणालाही हेही ठाऊक आहे की निविदेची किंमत खाली आणायची वेळ आली की ऐच्छिक घटक सर्वांत आधी गळतात.

मग सर्व सरकारी कॅथलॅबना फ्यूजन सक्तीचे करावे का? माझे उत्तर, आजच नाही. किती डाय लागतो हेच जिथे माहीत नाही, तिथे किती वाचेल हे कोणत्या आधारावर ठरवणार? आधी नोंद हवी, खरेदीचा निर्णय त्यानंतर. माझ्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

एक, धमनीतून डाय दिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर डायचे नाव, मिलिलिटरमधील प्रमाण, आधीचे क्रिएटिनिन आणि ४८ ते ७२ तासांनंतरचे क्रिएटिनिन छापील रकान्यात असावे. दोन, आयुष्मान भारत, सी.जी.एच.एस. आणि राज्यांच्या योजनांच्या दाव्यात हे रकाने भरणे आवश्यक करावे. तीन, नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी त्या रुग्णाची डायची मर्यादा काढून ती कॅथलॅबच्या फळ्यावर लिहावी, आणि कोणी तरी एकाने चालू बेरीज मोठ्याने सांगावी. चार, वर्षभराच्या आकड्यांवरून कोणत्या प्रकारच्या शस्त्रक्रियांत आणि कोणत्या केंद्रांत फ्यूजनचा खर्च सार्थकी लागेल ते ठरवावे. बंगळुरूच्या जयदेव संस्थेसारख्या, प्रचंड रुग्णसंख्या असलेल्या सार्वजनिक संस्थांनी पुढाकार घेतल्यास देशाला उपयोगी पडेल अशी माहिती लवकर गोळा होईल.

असे करता येते याला पूर्वउदाहरण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० आणि औषधयुक्त स्टेंटला २९,६०० रुपये. त्याच आदेशाने स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांक बिलात वेगळे दाखवणे रुग्णालयांना बंधनकारक केले. थोडी कुरकुर झाली, पण त्या ओळी बिलात आल्या. धातूच्या त्या नळीची इतकी माहिती देता येते, तर द्रवाचे मिलिलिटरही लिहिता येतील.

बचत शक्य आहे याचाही अनुभव जगाने घेतला आहे. २०२२ मध्ये कोविडच्या टाळेबंदीत शांघायमधील जी.ई.चा डायचा कारखाना थांबला आणि अमेरिकेतील रुग्णालयांत काही महिने टंचाई झाली. तेव्हा तिथे मोठ्या बाटलीतला डाय वाटून वापरला गेला, तातडीच्या नसलेल्या तपासण्या पुढे ढकलल्या आणि डायविना होणाऱ्या तपासण्यांकडे वळण्यात आले. टंचाईत जो विचार करता आला, तो एरवीही निदान कमकुवत मूत्रपिंडांच्या रुग्णांसाठी करता यावा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो त्याच तरुण डॉक्टरांनी घेतला. ते म्हणाले, "साहेब, आकडे मागितलेत की तुमचे लोक त्यावरून नोटिसा पाठवणार. मग क्रिएटिनिन जास्त असलेल्या रुग्णाला आम्ही हातच लावणार नाही." ही भीती पोकळ नाही. मूत्रपिंडे खराब आहेत म्हणून ज्यांना अँजिओग्राफीची खरी गरज आहे त्यांनाही ती नाकारली जाते, याची चर्चा वैद्यकात जुनी आहे. हृदयविकाराच्या झटक्यात मिलिलिटर मोजत बसणे मूर्खपणाचे ठरेल. तेव्हा जीव वाचवणे हेच काम. म्हणून ही नोंद शिक्षेसाठी वापरता कामा नये. सुरुवातीची काही वर्षे कोणत्याही एका डॉक्टरच्या नावाने आकडे काढू नयेत, तातडीच्या शस्त्रक्रियांचा हिशेब वेगळा ठेवावा, आणि हे आदेशातच लिहावे. लेखापरीक्षकाच्या हाती प्रत्येक आकडा काठी होतो, हे मी स्वतःच्या खात्याविषयी कबूल करतो.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे कवच मिळाले. मधुमेह, थकलेली मूत्रपिंडे आणि चुना साचलेल्या धमन्या एकत्र आढळतात त्या याच वयात. अशा शस्त्रक्रिया यापुढे वाढतच जाणार. रकाना छापायचा तर आत्ताच छापावा.

शासन निर्णय होईल तेव्हा होईल. तोपर्यंत घरापासून दूर राहणाऱ्या, आणि म्हणूनच नातेवाइकांना घेऊन रुग्णालयात जाण्याची पाळी वरचेवर येणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. अँजिओग्राफीपूर्वी तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत: आजचे क्रिएटिनिन किती, डायची मर्यादा किती ठरवली आहे, आणि तिसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासणार ना? निघताना, किती डाय दिला तेवढे कार्डावर लिहून मागावे. डॉक्टर रागावतील असे वाटते. माझा अनुभव तसा नाही.

अक्काने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून निपाणीच्या कपाटात ठेवला आहे. गेल्या वर्षी दाजींच्या पायाची धमनी तपासायची वेळ आली, तेव्हा तिने तो तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी समासातली ती ओळ वाचली, आणि पहिल्यांदा दाजींचे क्रिएटिनिन तपासायला सांगितले.